चाक रस्त्याला विचारून घ्यावे

(द्वितीय वर्ष, कला)

‘सर्वांत चांगले चाक कोणते?’ स्केटबोर्ड हाती आलेला प्रत्येक मुलगा पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारतो, आणि त्याला छातीठोक उत्तर देणारा कोणी ना कोणी भेटतोच. माझे म्हणणे असे की, मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. रस्त्यावाचून चाकाला गुण नाही आणि अवगुणही नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणी आणि कशासाठी चालवावयाचे ते आधी सांगा. मग चाकाविषयी बोलू.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात चाकांवर लेख पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची मला जाणीव आहे. कथा, कविता, फार तर ‘आजचा विद्यार्थी आणि शिस्त’ असला एखादा विषय सोडून हा मुलगा फळीला चाके कसली लावीत बसला आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु संध्याकाळी पाचनंतर कॉलेजच्या मागल्या फाटकाशी जी सहासात मुले फळ्या घेऊन जमतात, आणि ज्यांना शिपाईमामा रोज नव्या उत्साहाने हुसकावून लावतात, त्यांच्यापैकी मी एक आहे. आमच्याविषयी वडीलधाऱ्यांचे मत काय आहे ते मी ऐकून आहे. ‘हा खेळ शहरातल्या मुलांचा. आपल्या पोरांना तो जमत नाही; नुसती ढोपरे फोडून घेतात.’ ढोपरे फुटतात हे खरे. ती का फुटतात हे मात्र कोणी वाकून पाहिलेले नाही. माझ्या मते त्याचे कारण पोरांच्या पायांत नाही, फळीखालच्या चाकांत आहे.

ज्यांनी ही वस्तू जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली, पाऊण मीटरहून थोडी लांब फळी. तिच्या खाली पुढे-मागे धातूचे दोन आस; त्यांना ‘ट्रक’ म्हणतात. प्रत्येक आसावर दोन चाके आणि प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे. हे बेअरिंग जवळजवळ सर्वत्र एकाच मापाचे असते : आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७. म्हणजे फळी कोणत्याही दुकानातून आणलेली असो, एक चाक काढून दुसरे बसविता येते, आणि त्यासाठी मोटारसायकलच्या गॅरेजातला तेरा नंबरचा पाना पुरतो. एवढी सोय असताना मुले विकत आणलेल्या एकाच चाकावर वर्षभर आपटत राहतात, याचे मला नवल वाटते.

या खेळाचा एक गरीब चुलतभाऊ आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. गॅरेजात टाकून दिलेली तीन बेअरिंगे, एक फळकूट आणि मूठभर खिळे. बेअरिंगची गाडी कोणी केली नाही? ती कोब्यावर सुळकन् जाई आणि डांबरी रस्त्यावर आली की बसणाऱ्याचे दात वाजवी. माझे आजोबा बैलगाडी हाकीत असत. लाकडी चाक आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. मातीच्या गाडीवाटेवर तिने पिढ्यान्‌पिढ्या काम केले. डांबरी सडकेवर मात्र तीच धाव सडकही खाऊ लागली आणि बैलांचा जीवही. पुढे ऊस वाहणाऱ्या गाड्यांना हवेचे टायर आले. आज कारखान्याच्या गव्हाणीकडे निघालेली टायरगाडी पाहा. बैल दोनच, पण ओझे कितीतरी अधिक. आजोबांनी पदार्थविज्ञान वाचले नव्हते. बैल किती लवकर घामेजतो एवढे ते पाहत, आणि चाकाची परीक्षा म्हणून ती मला आजही पुरेशी वाटते.

अमेरिकेत नेमके हेच घडले, फक्त बैलांऐवजी मुलांच्या बाबतीत. १९५० च्या आगेमागे तेथील मुलांनी रोलर स्केटची लोखंडी चाके फळीला ठोकून हा खेळ सुरू केला. १९६० नंतर तयार फळ्या आल्या, त्यांना ‘क्ले व्हील’ म्हणजे मातीसारख्या टणक आणि ठिसूळ मिश्रणाची चाके असत. गुळगुळीत हॉलमध्ये रोलर स्केटिंग करावयास ती ठीक होती. रस्त्यावर मात्र त्यांना पकड नसे, आणि बारीक खडा आडवा आला की चाक जागच्या जागी थांबे. मुलगा तेवढा पुढे जाई. १९६५ च्या सुमारास डॉक्टरांनी इशारे दिले, अनेक शहरांनी बंदी घातली, आणि खेळ जवळजवळ संपला. दोष कोणाला मिळाला? खेळाला आणि मुलांना. चाकाकडे कोणी बोट दाखविले नाही.

पुढे १९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी नावाचा एक तरुण व्हर्जिनिया राज्यातील पर्सेलव्हिल या गावी एका प्लास्टिकच्या कारखान्यात गेला. तेथे पॉलियुरेथेनची चाके होत असत. नवशिक्यांना जरा पकड मिळावी म्हणून ती रोलर स्केटसाठी केलेली होती. परंतु हॉलमधल्या सराईत मंडळींना ती सुस्त वाटत, म्हणून त्यांना मागणी नव्हती. नॅसवर्दीने ती आपल्या फळीला लावून रस्त्यावर नेली. नंतर कॅलिफोर्नियात जाऊन ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने त्याने ती विकावयास काढली, आणि मेलेला खेळ उठून बसला. १९७५ सालची डेल मार येथील गाजलेली स्पर्धा घ्या, किंवा १९७६-७७ च्या अवर्षणात रिकाम्या पडलेल्या पोहण्याच्या तलावांच्या भिंतींवर चढणारी मुले घ्या. ते सारे या मऊ चाकामुळे शक्य झाले. मौज अशी की, हॉलमध्ये नापास ठरलेले चाक रस्त्यावर पहिल्या वर्गात आले. मधल्या काळात चाकात काडीचाही बदल झालेला नव्हता.

आता आकड्यांकडे वळू; कारण आमची पिढी आकड्यांवर फार विश्वास ठेवते. चांगल्या चाकाच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात. ‘५४’ म्हणजे मिलिमीटरमधला व्यास. ‘९९ए’ म्हणजे टणकपणा, आणि तो आल्बर्ट शोअर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्टीवर मोजलेला असतो. बोथट टोकाची एक सुई ठराविक ताकदीच्या स्प्रिंगने पदार्थात दाबावयाची. अडीच मिलिमीटर आत गेली तर शून्य गुण, मुळीच गेली नाही तर शंभर. ७८ए चे चाक अंगठ्याच्या नखाने किंचित दबते. ९९ए चे चाक नखालाच मागे सारते. शंभराच्या जवळपास ही ‘ए’ पट्टी नीट फरक दाखवीत नाही, म्हणून काही कारखाने ‘बी’ पट्टी वापरतात. त्यामुळे ८४बी हे चाक ९९ए पेक्षा टणक असूनही आकड्याने लहान दिसते. आमच्यातील एका मित्राने याच कारणाने ‘मऊ आहेत’ म्हणून ८४बी ची चाके मागविली होती!

पण ही सुई मोजते काय? उभ्या चाकाचा एका जागेवरचा टणकपणा. चाक तर फिरावयाचे असते. रस्त्याला टेकलेला भाग प्रत्येक क्षणी दबतो आणि पुढच्या क्षणी सुटतो. सुटताना तो किती चपळाईने पूर्ववत होतो, यावर चाकाची धाव पुष्कळशी अवलंबून असते. हा गुण त्या दोन आकड्यांत कोठेच नसतो. एकाच आकड्याची पण निरनिराळ्या कारखान्यांची दोन चाके सारख्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहावीत. एखादे टुणकन् उडेल, एखादे ओल्या चिंधीसारखे पडेल. पहिले आपण दिलेली शक्ती परत करते. दुसरे ती पोटात ठेवते आणि नुसते गरम होते. त्यात उष्णतेने हा पदार्थ आणखी मऊ पडतो, हे वेगळेच. पहाटे चाचणी घेतलेले चाक मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या डांबरावर तसेच वागेल, असे समजू नये.

म्हणूनच आम्ही चौघांनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः चाचणी घेतली. पुण्याला शिकावयास असलेल्या एका मित्राने वापरलेली चाके आणून दिली. ५२ मिलिमीटरची ९९ए, ५४ ची मधल्या टणकपणाची आणि ६० मिलिमीटरची ७८ए. चौथा संच खेळण्यांच्या दुकानातील फळीबरोबर आलेला. त्यावर चित्र होते, आकडा नव्हता. नियम दोनच केले. एका वेळी चाकाखेरीज काही बदलावयाचे नाही. फळी तीच, बेअरिंगे तीच, बूटसुद्धा तेच. आणि चाके बसविणारा वेगळा, चालविणारा वेगळा. चाकावरील आकडे व चित्रे चिकटपट्टीने झाकली. कारण आकडा वाचला की पाय आधीच ठरवून टाकतात, असा माझा अनुभव आहे. उतारावर खडूची रेघ मारली, तेथून पाय न मारता फळी सोडावयाची आणि जेथे थांबेल तेथे दुसरी खूण. मग उलट दिशेने तेच, म्हणजे वाऱ्याचा पक्षपात राहत नाही.

आठवडी बाजाराच्या ओट्यांवरचा कोबा गुळगुळीत आहे. तेथे ९९ए चे चाक राजासारखे चालले. हलके, चपळ, वळणावर हवे तेव्हा घसरणारे. फळी पायाने आपटून हवेत उडविण्याचा जो मूळ डाव, त्याला ‘ऑली’ म्हणतात, तोही त्यावर नीट साधे. ७८ए चे तेथे जड झाले. फळी उंच झाली, खाली उतरताना चाक चेंडूसारखे उसळे, आणि घसरावयाचे म्हटले की जमिनीला चिकटून बसे.

मग आम्ही कारखान्याच्या रस्त्यावर गेलो, आणि निकाल उलटा लागला. त्या रस्त्यावर डांबरावर बारीक खडी पसरून दाबलेली आहे. जवळून पाहिले तर तो रस्ता नाही, खड्यांची टोके आहेत. ९९ए चे चाक तेथे असे ओरडू लागले की गोठ्यातली गुरे माना वर करून पाहू लागली. पायांना मुंग्या आल्या, फळी थोड्याच अंतरावर मरगळली. टणक चाक दबत नाही. म्हणून प्रत्येक खड्यावर त्याला चालविणाऱ्यासकट उचलले जावे लागते. हजार खडे म्हणजे हजार बारीक चढ. मऊ चाक खडा आपल्या अंगात घेते आणि वरच्या माणसाला कळूही देत नाही. त्या रस्त्यावर ७८ए ने इतरांना कितीतरी मागे टाकले, आणि तेही जवळजवळ आवाज न करता. खेळण्यांच्या दुकानातील चाके मात्र दोन्ही ठिकाणी शेवटची आली. कोब्यावर त्यांना पकड नव्हती, रस्त्यावर त्यांना दम नव्हता. एका सुट्या खड्याशी ती थांबली आणि आमचा मित्र कोपरावर पडला. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत मुले पडत होती ती याच रीतीने. गावोगावच्या जत्रांतून आणि दुकानांतून आजही मुलांच्या हाती पहिली फळी येते ती बहुधा अशीच चाके लावलेली, आणि ‘आपल्या पोरांना जमत नाही’ हा निकाल लागतो तो तिच्यावर.

नगरपालिकेच्या नव्या काँक्रीट रस्त्याने आम्हांला थोडे चकविले. दिसावयास तो सपाट. पण पकडीसाठी त्यावर आडव्या बारीक रेघा ओढलेल्या आहेत. तेथे मधले चाक सर्वांत सुखाचे वाटले. पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर टणकपणापेक्षा व्यासच महत्त्वाचा ठरला. दोन ठोकळ्यांमधल्या फटीत लहान चाक बुडते, मोठे वरून निघून जाते. चाचणीची खरी गंमत मला येथे वाटली. आपण उत्तर धरून बसतो आणि रस्ता दुसरेच काही सांगतो.

रस्त्याइतकेच महत्त्व चालविण्याच्या तऱ्हेला आहे. कठड्यावर फळी घासणे, पायऱ्यांवरून उडी घेणे, असे ‘स्ट्रीट’ पद्धतीचे डाव करणाऱ्याला सामान्यतः ५० ते ५४ मिलिमीटरची टणक चाके बरी. भांड्यासारख्या खोलगट मैदानात वेगाने चढउतार करणारे थोडी मोठी, पण टणकच घेतात. नुसते या गावातून त्या वाडीपर्यंत जावयाचे, त्याने ६० च्या पुढची मऊ चाके घ्यावीत. घाटरस्त्याने उतरणाऱ्यांचे जग तर वेगळेच. २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात पीट कॉनोली याने उभ्याने फळीवर ताशी १४६ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. त्या वेगात पकड हाच प्राण. तेथे कोब्यावरचे निसरडे चाक म्हणजे आत्मघात. (आपल्या घाटात कोणी हा प्रयोग करू नये. आपल्याकडे समोरून एसटी येते.)

ज्येष्ठ मुले म्हणतात, ‘नावाजलेले खेळाडू टणकच चाके वापरतात, आपण त्यांच्यापेक्षा शहाणे का?’ शहाणे नाही. पण ते कोठे चालवितात हे तरी पाहावे. मोबाइलवर आपण जे बार्सिलोनाचे संग्रहालयापुढील पटांगण पाहतो, तेथली जमीन आपल्या देवळाच्या गाभाऱ्यासारखी गुळगुळीत आहे. २०२१ मध्ये टोकियोला ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तोही मुद्दाम घोटून केलेल्या जमिनीवर. त्यांचे चाक त्यांच्या जमिनीला शोभते. आपण त्यांचे चाक आणले, त्यांची जमीन आणली नाही.

आणखी एक गोष्ट चाचणीत ध्यानी आली. मित्राची धाकटी बहीण आमच्याबरोबर होती. अंगाने बारीक, चौदा वर्षांची. आमच्यातील सर्वांत वजनदार गड्याला जे मऊ चाक ‘चिखलात रुतल्यासारखे’ वाटे, तेच तिच्याखाली अलगद धावे. तिच्या वजनाने ते फार दबतच नव्हते. उलट ९९ए वर खडीच्या रस्त्याने ती पाखडल्या दाण्यासारखी उडे. तोवर तिला घरून सांगण्यात येई की, हा मुलींचा खेळ नव्हे. चाक बदलल्यावर त्याच रस्त्याने ती आमच्या पुढे गेली. मुलींच्या खेळाविषयी बोलणाऱ्यांना मी दोन नावे सांगतो. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ मध्ये उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने काँक्रीटचे मैदान झाले. तेथला नियम असा की, शाळेत न जाणाऱ्याला फळी मिळणार नाही आणि मुलींना पहिली पाळी. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. आणि २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक मिळविले.

येथे थोडे विषयांतर करतो. प्राध्यापकांनी राग मानू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. प्रथम वर्षाला इंग्रजीच्या तासाला उत्तर येत असूनही ते तोंडातून निघत नसे, तेव्हा मागच्या बाकावरून ऐकू येई, ‘खेड्यातली पोरे, यांना जमत नाही.’ तेच वाक्य मी आता फाटकाशी ऐकतो, म्हणून ते माझ्या कानाला लागते. त्या वाक्यात चाचणी नसते, नुसता निकाल असतो. माणसाच्या अंगावर टक्क्यांचा आकडा छापला की तो कोठेही तसाच धावेल, असे धरून चालणाऱ्यांना मी चाकांचीच गोष्ट सांगेन. असो.

चाकांविषयीची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे, आणि तीही परक्या रस्त्यांवर पारखलेली. आपल्या खडीच्या, कोब्याच्या, शहाबादी फरशीच्या जमिनीवर कोणते चाक कसे वागते, हे कोणी लिहून ठेवणार की नाही? मऊ, टणक, चिवट, निसरडे, खरखरीत. शब्दांची तर आपल्याकडे कमतरता नाही. आपल्या कॉलेजात विज्ञान शाखा नाही, हे कारण कोणी पुढे करू नये. खडूची रेघ, वही आणि खोटे न लिहिण्याची सवय एवढेच त्यासाठी लागते.

माझी सूचना अशी. जिमखान्याने चाकांचे तीन संच विकत घ्यावेत. एक टणक, एक मधले, एक मऊ आणि मोठे. ज्याला फळी आहे त्याला ते पुस्तकासारखे आठवड्याच्या मुदतीने द्यावेत. परत करताना त्याने कोणत्या रस्त्यावर चालविले, स्वतःचे वजन किती, सकाळ होती की दुपार, आणि काय अनुभव आला, हे एका जाड वहीत मराठीत चार ओळी लिहून द्यावे. वही ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पहिली फळी घेणाऱ्याला दुकानदारापूर्वी ती वाचता येईल. बॅडमिंटन कोर्टाच्या बाहेरील कोबा रविवारी सकाळी सात ते नऊ आम्हांला मिळावा. त्या वेळी तेथे कोणी नसते. शिपाईमामांशी मी बोललो आहे. ‘साहेबांची सही आणा, मी फाटक उघडतो,’ असे ते म्हणाले. अर्ज कार्यालयात दिलेला आहे, आणि तेरा नंबरचा पाना माझ्या दप्तरात आहे.